शिरसाठ सरांचं हॅव

देवचंद शिरसाठ सर आमच्या शेजारी राहायचे, जळगावला, पिंप्राळ्याच्या रस्त्यावरच्या कॉलनीत. मध्ये एक भिंत, आणि तीही अशी की ते शिंकले तर आमच्याकडे ऐकू यायची. शिंकेशिवाय दुसरं काही ऐकू यायचं नाही, कारण बोलायला घरात माणूसच नव्हतं. त्यांची बायको कमल माझी मैत्रीण. ती गेली त्याच्या दुसऱ्याच वर्षी सर शाळेतून रिटायर झाले. मूलबाळ नाही. गावाकडचे पुतणे लग्नाची पत्रिका द्यायला यायचे आणि चहा न घेता जायचे.

सर मूळचे शिंदखेड्याकडचे. बाप दुसऱ्याच्या शेतात राबला आणि हा मुलगा धुळ्याच्या वसतिगृहात राहून इंग्रजीचा मास्तर झाला. त्यामुळे बोलणं एकदम छापील. मी पारोळ्याची, माझ्या तोंडात अहिराणी बसलेली, पण सर माझ्याशी सुद्धा "लिलाबाई, आपण कशा आहात?" असं बोलायचे. मला तर कधी कधी वाटायचं, स्वप्नात सुद्धा हा माणूस व्याकरण तपासत असेल. बाजारातल्या पाट्यांवरची स्पेलिंगं दुरुस्त करायला जायचे आणि दुकानदारांच्या शिव्या खाऊन यायचे. सकाळी दूधवाला आला की त्याला उगाच थांबवून ठेवायचे. दुधाला पाणी किती, म्हशी किती, पोरं किती. तो बिचारा एक पाय सायकलवर ठेवून उत्तरं द्यायचा. मला हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं.

अशात समोरच्या पार्वताबाईचा मगन रशियाहून परत आला. वरोनेझ नावाच्या गावात तो इंजिनियर झाला आणि येताना बायको घेऊन आला. गलिना तिचं नाव. उंच, पांढरीफटक, आणि डोळे असे की आमच्या गल्लीतल्या बायका आधी डोळे बघायच्या, मग साडी. तिकडे ती लहान मुलांच्या शाळेत गाणं शिकवायची. इकडे मगन दिवसभर पाइपच्या कारखान्यात, आणि ही सासूबरोबर. सासूला अहिराणीशिवाय भाषा नाही, म्हणून पोरगी अहिराणीच शिकली. मीठ तिच्या हातात देऊन सासू विचारायची, "मीठ तुना जोडे शे का मना जोडे?" आणि ही हसून सांगायची, "मना जोडे शे." जोडे म्हणजे जवळ, शे म्हणजे आहे. भाकरी बडवायला नाही जमलं तिला, पण शे, नही शे, बठ्ठं शे म्हणजे सगळं आहे, एवढं पक्कं जमलं.

पुढे मगनला मस्कतची नोकरी लागली. तिथल्या एका शाळेला गाण्याची बाईही हवी होती. गलिनाला ती जागा मिळाली तर दोघांना बरोबर जाता येणार होतं. नाही मिळाली तर मगन एकटा जाणार आणि ही इथे सासूजवळ राहणार. शाळेची मोठी बाई फोनवर मुलाखत घेणार होती, इंग्रजीत. गलिनाला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मगन हात जोडून सरांच्या दारात आला.

सरांनी एका पायावर होकार दिला. पण पार्वताबाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "लिलाबाई, तू बस तठे. मास्तर भला मानूस शे, पन गल्लीनं तोंड कोन बांधी?" झालं. तेव्हापासून रोज दुपारी मी तुरीच्या डाळीचं ताट घेऊन सरांच्या ओट्यावर बसायला लागले. डाळ निवडून निवडून आमच्या घरातल्या डाळीत खडा औषधाला उरला नाही.

सरांनी हॅव या क्रियापदापासून सुरुवात केली. सोपं आहे, म्हणाले. आय हॅव अ पेन. माझ्याकडे पेन आहे. गलिना तिथेच अडली. तिच्या भाषेत असं क्रियापदच नाही म्हणे. ती म्हणाली, "उ मिन्या येस्त्य." सरांनी मगनला विचारलं तेव्हा कळलं, त्याचा अर्थ शब्दशः 'माझ्याजवळ आहे'. म्हणजे आमचं मना जोडे शे, दुसरं काय! मी ओट्यावरून ओरडले, "सर, ती तर आपलीच निघाली!" सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अहिराणीचं नाव वर्गात निघालेलं त्यांना आवडायचं नाही.

आणि मग ती गंमत झाली. गंमत कसली, रडारड झाली. गल्लीतली भागाबाई गलिनाला सहज विचारून बसली, "तुले माय शे का वं, पोरी?" गलिनाने इकडेतिकडे पाहिलं. माय कुठे जवळ होती? माय वरोनेझला. तिने खरंखुरं उत्तर दिलं, "नही. नही शे." संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली आणि दुसऱ्या दिवशी बायका पदर डोळ्याला लावून भेटायला आल्या. एकीने तर गळ्यात पडून हंबरडा फोडला. गलिना घाबरली, तिला वाटलं ह्यांच्यापैकीच कुणी गेलं, म्हणून तीही रडायला लागली. मगन कामावरून आला तेव्हा कुठे उलगडा झाला की विहीणबाई ठणठणीत आहेत. पार्वताबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "जित्ती माय मारी टाकी वं तू!"

दुसऱ्या दिवशी सर हसले नाहीत. त्यांनी गलिनाला समोर बसवलं आणि मराठी, इंग्रजी, खाणाखुणा असं सगळं मिळून समजावलं. मला अजून आठवतं. ते म्हणाले, मराठीत आपण किल्ली माझ्याकडे आहे म्हणतो आणि आई मला आहे म्हणतो, तुमच्या भाषेत सगळं जवळ असतं, पण इंग्रज माणूस असला भेद करत नाही. किल्ली असो, आई असो, सर्दी असो, त्याला एकच हॅव पुरतं. "आणि गलिना, हॅवला जवळ-लांब कळत नाही. आई वरोनेझला असली तरी आय हॅव अ मदर. दहा समुद्र मध्ये असले तरी हॅव."

गलिनाने हळूच म्हटलं, "आय हॅव मदर."

"अ मदर," सर म्हणाले.

"आय हॅव अ मदर." आणि ती रडायला लागली, या वेळी एकटीच. सर उठून आत पाणी आणायला गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

त्यानंतर हॅवला जे फाटे फुटले ते विचारू नका. हॅव टी म्हणजे चहा पिणं, हॅव अ बाथ म्हणजे आंघोळ. हॅव टू गो म्हणजे जावं लागणं. गलिना म्हणाली, "जाणं माझ्याजवळ आहे?" सर खूश झाले, म्हणाले, अगदी बरोबर, ज्याच्याजवळ जाणं आहे त्याला जावंच लागतं. मग हॅव गॉन, हॅव बीन, हॅव हॅड. दिवाळीला सुरू झालेलं हॅव संक्रांत उलटली तरी चालूच. मला वाटलं, हे क्रियापद आहे की मारुतीचं शेपूट! बाकीची इंग्रजी भाषा तिकडे ताटकळत उभी होती. एकदा मगन आला आणि दबकत म्हणाला, "सर, फोन पुढच्या महिन्यात येणार आहे. हॅव अजून संपलं नाही?"

"पाया पक्का हवा, मगनराव," सर म्हणाले.

पाया कसला! मी काय आंधळी होते? दुपार झाली की सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. दूधवाल्याची सकाळची चौकशी बंद झाली होती. भिंतीपलीकडून आता सर धडा स्वतःशीच मोठ्याने म्हणून बघताना ऐकू यायचे. ज्या दिवशी गलिनाला ताप होता त्या दिवशी ते फाटकाशी उभे राहून पार्वताबाईच्या दाराकडे बघत होते, आणि मी दिसताच जास्वंदीची पानं तोडायला लागले. ती इंग्रजी शिकली की जाणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून क्रियापद संपत नव्हतं.

मला राग आला. माझी जीभ तशीही कुणाच्या बापाला भीत नाही. गलिना गेल्यावर मी ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "सर, तुम्हाला तिला पास करायचं आहे की नाही? नवरा तिकडे आणि ही इकडे राहिली तर तिचं काय? सासूच्या मिठामिरच्या ऐकत जन्म काढायचा का तिने?"

 सर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "लिलाबाई, आपण फार स्पष्ट बोलता." मला वाटलं, उद्यापासून ओटा बंद.

पण दुसऱ्या दिवशी सरांनी पुस्तक बाजूला ठेवलं. म्हणाले, फोनवर तोंड दिसत नाही, नुसता आवाज येतो, तेव्हा सराव तसाच हवा. आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भिंतीआड उभे राहिले. तिथून बायकी आवाज काढून प्रश्न विचारायचे, "हॅलो, धिस इज द हेडमिस्ट्रेस!" आणि गलिना बाहेर कानाला चमचा लावून उत्तरं द्यायची. मी हसून हसून डाळ सांडली. पण असा जीव तोडून शिकवणारा मास्तर मी पुन्हा पाहिला नाही. जे चार महिन्यांत झालं नव्हतं ते त्या उरलेल्या दिवसांत झालं. धडा संपला की सर स्वयंपाकघरातून घामाघूम होऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, "उत्तम. आजचं उत्तम." आवाज मात्र पडलेला असायचा.

फोन स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर येणार होता. मगनने बूथवाल्याला सांगून ठेवलं होतं. आम्ही सगळे गेलो, पार्वताबाई सुद्धा, कपाळभर कुंकू लावून. बूथ एवढासा, त्यात उकाडा, म्हणून दार अर्धं उघडं ठेवलं होतं. तिकडची बाई काय विचारते ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, गलिना काय बोलते ते येत होतं. सर दाराला चिकटून उभे. तिचं प्रत्येक वाक्य ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते, जणू परीक्षा त्यांचीच होती.

गाण्याचं विचारून झालं. पोरांचं झालं. मग बहुतेक घरचं विचारलं असावं, कारण गलिना जरा थांबली.

"आय हॅव अ मदर इन वरोनेझ," ती म्हणाली. "आय हॅव अ मदर-इन-लॉ इन जळगाव." पार्वताबाईला तेवढं जळगाव कळलं आणि तिने मान डोलावली.  मग गलिना आमच्याकडे बघत म्हणाली, "अँड आय हॅव अ टीचर."

सर माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, आणि माणूस म्हणतो काय, तर "अ टीचर म्हणाली. अ विसरली नाही." मला त्यांच्या डोक्यात एक टप्पल मारावीशी वाटली, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं.

जागा मिळाली. उन्हाळा लागायच्या आत दोघं गेले. स्टेशनवर गलिना सरांच्या पाया पडली, अगदी आपल्यासारखी वाकून. सरांनी "हॅव अ सेफ जर्नी" म्हटलं आणि गाडी हलायच्या आधीच फलाटाच्या बाहेर चालू लागले. पार्वताबाई आठवड्यात लेकीकडे पारोळ्याला गेली. समोरच्या दाराला कुलूप लागलं. दुपारचं ऊन सरांच्या ओट्यावर यायचं आणि तिथे कुणीच नसायचं. मी तरी कशाला जाणार, माझं काम संपलं होतं.

भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना. शिंकही नाही. दूधवाल्याला विचारलं तर म्हणाला, मास्तर भांडं पुढे करतात, बोलत काही नाहीत. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन गेले. सर खोलीत अंधार करून बसले होते. दाढी वाढलेली. मी खिडकी उघडली, ताट पुढे ठेवलं, आणि नेहमीसारखी बडबड सुरू केली. म्हटलं, "काय हे सर! ती गेली म्हणून काय झालं? तुम्हीच शिकवलं ना तिला? हॅवला जवळ-लांब कळत नाही म्हणून? मग तुम्हाला ती आहेच की. मस्कतला असली तरी आहे."

सरांनी ताटाकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या शेजारात या माणसाच्या तोंडून मी आमच्या भाषेचा एक शब्द ऐकला नव्हता. कमलशी सुद्धा ते छापीलच बोलायचे.

"शे ना, अक्का," ते म्हणाले. "बठ्ठं शे. पन मना जोडे कोनी नही शे."

मी निघायला उठले होते, ती परत खाली बसले.