सोड्यात फुललेले मणी

मावशींची आणि माझी ओळख प्रौढांच्या वर्गात झाली; आम्ही दोघी एकाच बाकावर बसून अक्षरे गिरवत असू. दिवसा त्या औषधांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत.

तेथे मोहरीएवढे मऊ मणी तयार होत. त्यांच्यात औषध भरलेले असे. आंबट पाण्यात ते मुठीसारखे मिटून राहत. सोड्याच्या पाण्यात मात्र फुगत आणि औषध सोडून देत. प्रयोगशाळेच्या बाई दोन्ही भांडी मावशींकडूनच मांडून घेत. सोड्यातले मणी फुगले की बाईंचा चेहरा खुले. "फुलले एकदाचे!" असे त्या म्हणत. मावशींनी तेवढेच मनाशी धरले.

मावशींच्या धाकट्या भावाला आतड्याचा आजार होता. डॉक्टरांनी त्याला तशाच मण्यांची कॅप्सूल दिली, तेव्हा मावशींना हायसे वाटले. अंगात त्राण नसलेल्या जिवाला मणी फुलवण्याचे कष्ट तरी कशाला, असा विचार करून त्या रोज कॅप्सूल उघडत, मणी सोड्याच्या पाण्यात भिजवत आणि ते सारे त्याला चमच्याने पाजत.

"आल्या आमच्या डॉक्टरीणबाई!" भाऊ म्हणे.

"तोंड उघड, शहाण्या. अख्खी प्रयोगशाळा धुते मी."

"मग ताई, माझं आतडंही एकदा धुऊन टाक की."

दोघे हसत. भाऊ मात्र खंगत गेला. पुढे कूस बदलायलाही त्याला मावशींचा हात लागू लागला. औषध लागू पडत नाही, आता आपल्या हाती काही उरले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

मावशींनी बाईंना गाठले. "बाई, मणी तर छान फुलत होते हो. मी स्वतः सोड्यात भिजवत होते."

बाईंच्या हातातली काचेची कांडी थांबली. "मावशी, जठरातल्या आम्लात ते औषध मरतं. म्हणून तर मणी तिथे मिटलेले हवेत. पुढे आतड्यात सोड्यासारखंच पाणी असतं, तिथे ते आपले आपण उघडतात."

"म्हणजे त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही?"

"नाही, मावशी." बाईंनी कांडी टेबलावर ठेवली.

मावशींनी घरी हे सांगितले नाही. भावाला आता कॅप्सूलच काय, सुटा मणीही गिळवत नव्हता. चमचा दिसला की तो विश्वासाने तोंड उघडे. चमच्यात नुसते पाणी असे.

तो गेल्यानंतर मावशी कामावर परतल्या. टेबलावर दोन्ही भांडी रिकामी ठेवलेली होती. त्या बाईंना म्हणाल्या, "भांडी कितीही धुवायला द्या, बाई. फक्त सोड्याचं भांडं मला मांडायला सांगू नका."