टोपीवरचा भुंगा

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा भुंगा आहे. हे मी रागानं म्हणत नाही. गेली चौदा वर्षं तो त्यांचा व्यवसायच आहे.

त्याचं असं आहे, की उड्या मारायचा एक व्हिडिओ गेम आहे. त्यात एक कंदीलवाला छपरांवरून, मोडक्या पुलांवरून, तरंगत्या दगडांवरून उड्या मारत जातो आणि वाटेतले विझलेले दिवे लावतो. हा कंदीलवाला जन्मात एक शब्द बोलत नाही. बोलण्याचं सगळं कंत्राट त्याच्या टोपीवर बसलेल्या भुंग्याकडे. कंदीलवाला खड्ड्यात पडला, की भुंगा ओरडतो, "पडलात! छान पडलात! आता जरा पुढेही जाऊ या का?" हा आवाज आमच्या भाऊजींचा.

मी तो गेम खेळून पाहिलाय. तिसऱ्या लेव्हलच्या दलदलीत मी सदतीस वेळा पडलो आणि सदतीसही वेळा सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं मला वेगवेगळ्या शब्दांत हिणवलं. घरी ते माझ्याशी इतकं मोकळेपणानं कधी बोलले नव्हते.

वेगवेगळ्या शब्दांत, कारण तसा नियम आहे. खेळणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून एकेका पडण्याला चाळीस-चाळीस वाक्यं आधीच बोलून ठेवायची. दुसरा नियम त्याहून कडक. खेळणारा सात सेकंद जागचा हलला नाही, तर भुंग्यानं तोंड उघडलंच पाहिजे. त्या वेळचं पहिलं वाक्य ठरलेलं: "काय, झोपलात की काय?"

चौदा वर्षं सात सेकंदांच्या मापानं जगल्यावर माणसाचं काय होईल? ताईच्या हातून स्वयंपाकघरात झाकण पडलं, की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "झाकण गेलं! ताट अजून शिल्लक आहे!" एकदा गल्लीतले म्हातारे शिंपी वारले. वाचनालयात पन्नासेक माणसं जमली, दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं. माना खाली गेल्या. सहा सेकंद बरे गेले. सातव्याला भाऊजींच्या तोंडून, भुंग्याच्या त्या चिरक्या आवाजात, खणखणीत वाक्य आलं, "काय, झोपलात की काय?"

शिंप्यांच्या बायकोलाच आधी हसू फुटलं, म्हणून निभावलं. ताई मात्र आठवडाभर हसली नाही.

गंमत इथवरच. गेल्या वर्षी भाऊजींचा घसा वरचेवर बसायला लागला. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "हा पिळलेला आवाज आणखी तीन वर्षं काढलात, तर स्वतःचा आवाज विसरा." नेमकं तेव्हाच गेमच्या कंपनीचं नवं करारपत्र आलं. मुदत: तीन वर्षं.

पण सुटायला एक फट होती. ऐकायची पुस्तकं तयार करणाऱ्या एका मॅडमना कादंबरी वाचायला भारदस्त आवाज हवा होता. त्यांनी भाऊजींना दोन पानं पाठवली आणि दिवस दिला. म्हणाल्या, "चारला या. चारला मी निवड करून कुलूप लावते आणि गावाला जाते." त्याच दिवशी पाचला कंपनीच्या बाई सही घ्यायला स्टुडिओत येणार होत्या. चारला काम मिळालं, तर पाचला सही करायची नाही, असा भाऊजींचा बेत. ताईनं शर्टाला इस्त्री करून दिली. आवाजाला शर्ट कशाला लागतो, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

सकाळी कंपनीच्या स्टुडिओत भुंग्याचं उरलेलं काम होतं. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे उभं कपाटच. दोन पावलं लांब, दीड पाऊल रुंद, भिंतींना फोम, एक स्टूल, एक मायक्रोफोन आणि एक जाड काच. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टची खुर्ची आणि भिंतीवरचं घड्याळ. घरघर येते म्हणून फोन आत न्यायचा नाही. या रेकॉर्डिस्टला भाऊजी 'हेडफोन' म्हणतात, कारण तो जेवतानाही हेडफोन काढत नाही. त्याची एक सवय: मध्ये सुट्टी झाली तरी यंत्र बंद करायचं नाही. "चालू राहू दे, नंतर कापू." या सवयीमुळेच पुढचं सगळं मला माहीत आहे. ते रेकॉर्डिंग मी ऐकलंय.

दोन वाजता हेडफोन म्हणतो, "दाढ ठणकतेय राव. दाखवून येतो. अर्ध्या तासात."

"जा. मी आत बसून माझी दोन पानं घोकतो. घरी कोण शांतता देतंय!"

"दार लोटून घेऊ नका. आतली मूठ सैल आहे."

"ती सैल आहे हे महिनाभर मीच तुला सांगतोय!"

"म्हणून तर आठवण केली."

आणि मग दार बंद झाल्याचा आवाज. बाहेरची वर्दळ नको म्हणून भाऊजींनी ते स्वतःच्या हातानं घट्ट ओढून घेतलं होतं.

पाऊण तास ते पानं वाचतात. म्हणजे भुंगा वाचतो. कादंबरीतली म्हातारी आई मुलाचं पत्र उघडते आहे आणि वाचणारा तिला जणू दलदलीत ढकलतोय. भाऊजी थांबतात, घसा खाकरतात, पुन्हा तेच. पावणेतीनला पाणी प्यायला उठतात. खट्ट. मूठ हातात.

पहिली वीस मिनिटं निव्वळ धमाल आहे. "ओढलं! छान ओढलं! मूठ आपल्याकडे, दार दाराकडे!" मग दारावर धपके. "या जागेतून आवाज बाहेर जात नाही, अभिनंदन! यासाठीच तर बांधली!" मग हेडफोनच्या दाढेला उद्देशून बरंच काही, जे ताईसमोर ऐकवता येत नाही. सव्वातीनला धपके थांबतात. साडेतीनला भुंगा हिशोब करतो, की मॅडमचं ऑफिस चालत दहा मिनिटं, धावत सहा. "अजून वेळ आहे, साहेब! अजून एक उडी!" पावणेचारला तेच वाक्य, पण आवाज फाटलेला. चारला पाच कमी असताना नुसतं, "अहो, कुणी आहे का?"

समोर काचेतून घड्याळ दिसत होतं. ते पाहण्याखेरीज तिथं करण्यासारखं काहीच नव्हतं.

चार वाजल्यापासून रेकॉर्डिंगवर काही नाही. मी सात मोजले. चौदा मोजले. मग मोजायचं सोडलं. अकरा मिनिटं फक्त श्वास आणि मधूनच स्टुलाची कुरकुर. लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसाची अकरा मिनिटांची शांतता आमच्या घरात कुणी ऐकलेली नाही.

आणि मग कागद वाजतो. "आईनं पत्र उघडलं," कुणीतरी म्हणतं. खालचा, सावकाश, जरा खरखरीत आवाज. तो मी एकदाच ऐकला होता. ताईशी लग्न करायचंय, असं आमच्या वडिलांना सांगायला आले होते तेव्हा. दोन्ही पानं त्यांनी भिंतीच्या फोमला वाचून दाखवली. जिथं थांबायचं तिथं थांबून.

चार वीसला हेडफोन आला. अर्धा चेहरा बधिर, त्यामुळे त्याला हसताही येईना आणि माफीही मागता येईना. भाऊजी इस्त्रीच्या शर्टानिशी धावले. मॅडमच्या दाराला कुलूप होतं.

पाचला कंपनीच्या बाई आल्या. कागद पुढे, पेन वर. "घ्या, भुंगोबा! तीन वर्षं निश्चिंत!"

भाऊजींनी पेनाकडे पाहिलं. बोलले नाहीत.

हेडफोन सांगतो, त्यानं सवयीनं सात मोजले आणि कान झाकून घेतले. आठवा आला. दहावा आला. बाईच चुळबुळल्या. "बरं, दोन वर्षं म्हणा." भाऊजी गप्प. "बरं, एकच भाग?" भाऊजी गप्प. शेवटी बाईंचा चेहरा उतरला. "हे बघा, तुम्ही नाहीच म्हणालात, तरी आमचं अडणार नाही. तुमची अकरा हजार वाक्यं आमच्याकडे आहेत. भुंगा त्यावर चालेल." आणि कागद उचलून गेल्या.

म्हणजे भाऊजी सुटले, आणि भुंगा कायमचा आत राहिला.

आता ते घरी असतात. मॅडम गावाहून आल्या की हेडफोन ती दोन पानं ऐकवणार आहे. कंपनीच्या यंत्रावरची ती पानं ऐकवता येतात की नाही, हे त्याला ठाऊक नाही आणि तो कुणाला विचारणारही नाही. काल जेवताना इतकी शांतता होती, की ताईच म्हणाली, "अहो, बोला की काहीतरी. घाबरायला होतंय."

जेवण झाल्यावर मी दलदलीत गेलो आणि मुद्दामच कंदीलवाल्याला एका दगडावर उभं करून ठेवलं. सात सेकंद झाले. टोपीवरून आवाज आला, "काय, झोपलात की काय?"

भाऊजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मग त्या खालच्या आवाजात म्हणाले, "नाही रे बाबा. जागा आहे."