नवे गेम लबाड असतात

दर गुरुवारी दुपारी एक वाजता माझ्या दादाचा फोन यायचा, आणि नमस्कार-चमत्कार न करता तो विचारायचा, "बोल टिचके, कुठवर आलीस?"

म्हणजे गेममध्ये कुठवर आलीस. माझी तब्येत, माझी नोकरी, नळाला पाणी येतंय का, हे सगळे प्रश्न त्याच्या लेखी वहिनीचे.

दादा टॉवर क्रेन चालवायचा. अठरा मजल्यांच्या उंचीवर कपाटाएवढी काचेची केबिन, तिच्यात एक खुर्ची, दोन्ही हातांशी एकेक दांडा आणि एक वायरलेस. जेवायला खाली उतरून पुन्हा शिडी चढायची म्हणजे खाल्लेलं तिथेच जिरणार, म्हणून तो डबा वरच खायचा आणि खाता खाता मला फोन लावायचा. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. माझी जेवायची सुट्टीही एकलाच.

हे वेड लहानपणचं. बाबांनी कुणाकडून तरी टीव्हीला जोडायचा जुना गेम आणला होता. हातात धरायचे बटणांचे दोन डबे, त्यातला एक मेलेला. एकाचा जीव गेला की दुसऱ्याची पाळी, आणि दादाचा जीव काही केल्या जायचा नाही. मी शेजारी बसून कंटाळून टीव्हीच्या काचेवर टिचक्या मारायचे. तेव्हापासून मी टिचकी. माझे केस पिकायला लागले तरी त्याला दुसरं नाव सुचलं नाही.

मला संथ गेम आवडतात. त्या वर्षी मी एक दीपगृहाचा गेम खेळत होते. दिवा पुसायचा, तेल घालायचं, जहाजांची नोंद करायची. दादा हसायचा. "दिवसभर भिंगं घासतेस आणि घरी जाऊन पुन्हा दिवा घासतेस. तुला गेम नको, धुणीभांडी द्यायला हवीत." त्याला लढाया लागायच्या. जुने गेमही त्याने टाकले नव्हते. खालच्या कडेला आपलं यान आणि वरून उतरणारे राक्षस, असला आमच्या लहानपणीचा गेम तो अजून खेळायचा आणि आकडा वाढला की टीव्हीचा फोटो पाठवायचा.

साधारण त्या हिवाळ्यापासून त्याची कुरकुर सुरू झाली. घोड्यावरून मोठ्या माळावर हिंडायचा एक नवा गेम आम्ही दोघांनीही घेतला होता.

"एकदम भिकार," दादा म्हणाला. "लांडगा अंगावर पडला की मगच कळतं. आधी इशारा नाही, काही नाही. हा काय न्याय झाला?"

"अरे, ते झुडपातून येताना दिसतात की. डावीकडून, उजवीकडून. चांगले गुरगुरतात."

"गुरगुरणं ऐकू येतं. लांडगा कुठे असतो?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं.

"अंगण वाकडंच आहे. जुने गेम बघ, सगळं तोंडावर. मारायचं तर समोरून मारतील. नवे गेम लबाड असतात, टिचके."

पुढच्या गुरुवारी तेच. दुसरा गेम घेतला, गाड्यांच्या शर्यतीचा. बाजूची गाडी म्हणे 'जमिनीतून उगवते'. तिसऱ्या गेममध्ये नकाशाच नव्हता. नकाशा कोपऱ्यात होता, मी स्वतः पाहिला होता. मी हसण्यावारी नेलं. पन्नाशीच्या माणसाने मुलांच्या खेळात हरून रुसावं, यात हसण्यासारखं होतंच.

मग एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. दादा मोठ्या टीव्हीसमोर तोच घोड्याचा गेम खेळत होता. वहिनीने त्याच्या उजव्या हाताशी तिपाईवर चहा ठेवला. पाच मिनिटांनी तो ओरडला, "अगं, चहा देतेस ना?"

"ठेवलाय की कधीचा!" वहिनी माझ्याकडे वळली. "हल्ली ह्यांचं हे असंच. परवा दाराच्या चौकटीवर आपटले आणि मला सांगतात, चौकट अरुंद आहे. वीस वर्षं तीच चौकट आहे."

मी टीव्हीकडे बघायचं सोडून दादाकडे बघू लागले. पडद्याच्या कडेने लांडगा आला. मला दिसला, वहिनीला दिसला. दादाची मान हलली नाही. लांडगा मध्यावर पोचला तेव्हा तो दचकला आणि शिवी हासडली. नंतर त्याने यानाचा जुना गेम लावला. त्याचं चित्र छोटं, चौकोनी, टीव्हीच्या बरोब्बर मधोमध, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. त्यात त्याचा हात असा चालला की बघत राहावं.

बाबाही शेवटच्या वर्षांत असेच भिंतींना घासत चालायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. त्यांना काचबिंदू होता हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. हा रोग कडेकडेने नजर खात येतो आणि मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. दुखत नाही, खुपत नाही. दादाच्या कामावर दरवर्षी डोळे तपासत, पण भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून. ती त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती.

त्याला सरळ सांगितलं असतं तर तो आला नसता. मी म्हटलं, "आमच्या दुकानात एक यंत्र आहे, अगदी जुन्या गेमसारखं. बघ किती गुण मिळतात."

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत डोळ्यांच्या डॉक्टरबाई आठवड्यातून दोनदा बसतात. ते यंत्र त्यांचं. शनिवारी दादा आला. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला प्रकाशाचा बारीक ठिपका उमटला की हातातलं बटण दाबायचं. दादा खुशीत होता. बटण अंगठ्याखाली धरून म्हणाला, "याच्यात राक्षस नाहीत का?" सुरुवातीला त्याने चार-पाच ठिपके टिपले. मग थांबला.

मी यंत्राच्या पडद्याकडे बघत होते. ठिपके उमटत होते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बटण वाजत नव्हतं.

"संपला का गं?" दादाने वाडग्यातून विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून चालू आहे. बघत राहा."

आठ-दहा सेकंद गेले. दादाने एकदा उगाचच बटण दाबलं. मग त्याचा हात हळूच मांडीवर आला.

डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येईल. आणि आजपासून गाडी नाही, क्रेन नाही. दादा प्रत्येक वाक्याला "हो" म्हणाला. जिन्यात मात्र तो कठडा धरून उभा राहिला.

"सोमवारचा एक दिवस दे. गच्चीवर टाकी चढवायची आहे, माझ्याशिवाय जमणार नाही. संध्याकाळी मीच साहेबांना सांगतो."

"दादा, एकही दिवस नाही."

"टिचके, सव्वीस वर्षं झाली. शेवटचा एक दिवस नाही देणार?"

मी दिला. देणारी मी कोण होते, हा प्रश्न मला नंतर पडला. तेव्हा एवढंच दिसलं, की आयुष्यभर मला रागे भरत आलेला माझा दादा माझ्याकडे काहीतरी मागतोय. मी वहिनीलाही सांगितलं नाही. त्याने शब्द घेतला होता.

सोमवारी टाकी व्यवस्थित चढली. ज्या कामासाठी दिवस मागितला ते झालं होतं, तिथेच थांबला असता तर मी आज हे सांगत बसले नसते. पण गच्चीवर लोखंडी पाइपांचा एक भारा होता, तो दोन मजले खाली घ्यायचा होता. क्षुल्लक काम.

दादाला खालून इशारे देणारा एक माणूस होता. अकरा वर्षं दोघं जोडीने काम करत. वायरलेसवर दादा त्याला 'खालचा' म्हणायचा आणि तो दादाला 'वरचा'. काही अडलं की खालचा हात जोडून म्हणायचा, "आता सगळी वरच्याची मर्जी." ही थट्टा आमच्या घरीसुद्धा चालायची. त्या दिवशी तो भारा उतरवायच्या मजल्यावर डाव्या बाजूला, खांबाजवळ उभा होता आणि हात वर करून 'थांब' म्हणत होता. दादाने भारा फिरवला. भाऱ्याच्या शेपटाने त्याला खांबावर दाबलं. मांडीचं हाड मोडलं.

दादा शिडी उतरून खाली आला तोवर साहेबांनी मनाशी जुळवाजुळव केली होती. वाऱ्याचा झोत आला, असं लिहायचं ठरत होतं. सगळे मान डोलावत होते. दादा म्हणाला, "वारा नव्हता. मला कडेचं दिसत नाही. मला शनिवारपासून माहीत होतं."

'मला' म्हणाला. माझं नाव घेतलं नाही.

चौथ्या दिवशी मी इस्पितळात गेले. खालच्याच्या पायात सळई घातली होती. मी खाटेशेजारी उभी राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. यंत्र, शनिवार, जिना, एक दिवस. तो छताकडे बघत ऐकत राहिला.

"मला वर्ष झालं कळून," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आधी मी नुसतं 'फिरव' म्हणायचो. मग लक्षात आलं, याला बाजूचं सुचत नाही. म्हणून सगळंच सांगायला लागलो. डावीकडे खांब आहे, उजवीकडे माणसं आहेत, जरा सांभाळ. तोही मुकाट ऐकायचा. यावर आम्ही एका शब्दाने बोललो नाही कधी."

"मग सोमवारी?"

"वायरलेसची बॅटरी संपली. ती आणायला कोण खाली जाणार? म्हटलं छोटं काम आहे, हातानेच सांगतो." त्याने पायावरची चादर ओढून घेतली. "तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर..." म्हणाला, आणि मग, "मी बोललो असतो तर. जा तुम्ही आता, ताई. मला राग यायला लागलाय, आणि कुणाचा ते कळत नाही."

मी निघाले. त्याची बायको दारात होती. ती बाजूला झाली नाही. मी अंग चोरून बाहेर पडले.

घरी वहिनी बोलली. "तुला शनिवारी माहीत होतं. मला का नाही सांगितलंस? मी दाराला कुलूप घालून बसले असते." ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. दादाचा गुरुवारचा फोन बंदच झाला. मी लावायचे, तो उचलायचा, "बरं आहे" म्हणायचा. त्याची नोकरी गेली, परवानाही काढून घेतला. चौकशीत खरं बोलल्यामुळे शिक्षा सौम्य झाली असं कुणीकुणी म्हणतं. मला त्यात सौम्य काही दिसत नाही. तो सकाळी सवयीने सहाला उठतो, अंघोळ करतो, बूट घालतो आणि बूट घालून खिडकीपाशी बसतो. नवीन गेम त्याने एका पोत्यात घालून वहिनीला देऊन टाकायला सांगितले.

खालचा काठी घेऊन चालतो. दादा एकदा त्याच्या घरी गेला होता. वहिनी सोडायला गेली, तिला बाहेरच थांबवलं. अर्ध्या तासाने बाहेर आला. आत काय झालं ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

मधल्या काळात डॉक्टरबाईंनी मलाही त्या खुर्चीत बसवलं. वडिलांना होता, भावाला आहे, म्हणजे बहिणीने तपासलंच पाहिजे, म्हणाल्या. माझ्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. कडा अजून शाबूत आहेत. रोज दोनदा थेंब घालते. भिंगाची धार घासताना हल्ली मी उगाचच मान वळवून दोन्ही बाजूंना बघते. शेजारचा कारागीर विचारतो, "कुणी हाक मारली का?"

आता दर तीन महिन्यांनी आम्ही दोघं एकत्रच तपासायला जातो. गेल्या खेपेला बाकावर बसलो होतो. दादा भिंतीच्या बाजूला. मग त्याने आपण होऊन सांगितलं, की वहिनीच्या फोनवर शब्द जुळवायचा एक गेम आहे, तो खेळतो अधूनमधून.

"कसा आहे?" मी विचारलं.

पूर्वी या एका प्रश्नावर तो अर्धा तास बोलला असता. शिव्या दिल्या असत्या, डोक्यावर घेतला असता, मला वेड्यात काढलं असतं.

"बरा आहे," दादा म्हणाला. "वेळ जातो."

मी काही बोलणार तोच आतून त्याला हाक आली. तो उठला, हात पुढे करून चौकट चाचपली आणि आत गेला. माझा नंबर त्याच्यानंतर होता.