डॉक्टर असं म्हणाले नव्हते

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. विद्यालाही नाही — आणि विद्या माझी बायको आहे, एकाच टेबलावर बसून आम्ही इतकी वर्षं जेवतो आहोत. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नक्की कारण मला देता येत नाही. मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे. एखाद्या गोष्टीचं कारण देता आलं नाही की मला चैन पडत नाही. पण आज तसंच लिहितो.

पुस्तकांपासून सुरुवात करतो. तिथून करणं सोपं आहे.

कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला या ठिकाणच्या आमच्या साइट ऑफिसात एक कॅनेडियन सल्लागार होता. कंत्राट संपवून परत जाताना तो पुस्तकांचा एक खोका चहाच्या मशीनशेजारी ठेवून गेला — हवं ते घ्या म्हणून. मी एक उचललं. बारीक होतं, म्हणून उचललं. दुसरं काही कारण नव्हतं.

ते कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी एका म्हातारीनं लिहिलेलं होतं. लहान असताना तिला घरातून उचलून चर्चच्या निवासी शाळेत टाकलं होतं. केस कापले. घरचे कपडे काढून घेतले. नावाऐवजी नंबर दिला. आणि आपल्या भाषेत बोलली की मार. माझ्या कामात प्रत्येक वस्तूला नंबर असतो, प्रत्येक पाइपला, प्रत्येक व्हॉल्व्हला. एकदा नंबर दिला की ती वस्तू कुठून आली, कुणी घडवली, हे माहीत असण्याची गरज उरत नाही. मुलाला नंबर देणं म्हणजे काय, हे मला त्यामुळे जरा लवकर कळलं असावं.

मग मी तसली आणखी पुस्तकं मिळवली. कॅनडाला जाणाऱ्यांना सांगून मागवली. दुपारच्या सुट्टीत केबिनमध्ये पेन्सिल घेऊन वाचायचो. समासात दोन आकडे लिहायचे — मूल नेलं तेव्हाचं वय आणि घरी परत आलं तेव्हाचं. मग वजाबाकी. मला समजून घ्यायचं होतं. काय? हेच, की शहाणीसुरती माणसं असं करू कशी शकतात? आणि काही पुस्तकांत एक गोष्ट होती, तिच्यापाशी मी अडायचो. तिथल्या काही शिक्षकांना मनापासून वाटत होतं, की आपण या मुलांचं भलं करतोय.

शुक्रवारी कुणा ना कुणाच्या घरी आम्ही मराठी मंडळी जमायचो. तिथे एकदा मी यावर बोललो. तयारीनं बोललो. एका बाईंनी विचारलं, "अहो, पण आईबापांनी दिलीच कशी मुलं?" मी म्हणालो, "देणार नाहीत तर काय करणार? कायदा होता. पोलीस यायचे न्यायला." लोक हळहळले. शेवटी टाळ्या पडल्या. गाडीत विद्या म्हणाली, "छान बोललास. मला रडू येत होतं." मी गाडी चालवत राहिलो. मला एवढंच ऐकू येत होतं — पोलीस यायचे. आणि तुझ्याकडे रे? तुझ्याकडे कुठले पोलीस आले होते?

कारण त्या आठवड्यात वाचलेल्या पुस्तकात एक जागा होती. मुलगी काही वर्षांनी घरी येते. आजी दाराशी माशांना मीठ लावत बसलेली. आजी काहीतरी म्हणते. ते आपल्याला म्हणाली, एवढं मुलीला कळतं. काय म्हणाली ते कळत नाही. ती इंग्रजीत उत्तर देते. आजी तिच्याकडे बघते, आणि परत माशांकडे वळते.

ते वळणं मी पाहिलेलं होतं. कुवेतच्या सलवा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, नव्वदच्या दशकात. तिथे आजी नव्हती. माझे वडील होते.

बाबा मालवणजवळच्या एका खाडीवर ‘तर’ चालवायचे. होडीनं माणसं या तीरावरून त्या तीरावर न्यायची. पलीकडे कुणी उभं असलं की इथून हाक मारायची. त्यामुळे आवाज असा, की घरात बोलले तरी शेजाऱ्यांना वाटायचं भांडण चाललंय. आई गेल्यावर त्यांना मी व्हिजिट व्हिसावर कुवेतला बोलावलं. येताना सुक्या बांगड्यांची पिशवी घेऊन आले. विमानतळाबाहेर पडताच पहिलं वाक्य — "कस्टमवाल्यान पिशयेचो वास घेतल्यान आणि गप सोडल्यान माका!"

निखिल, माझा मुलगा, तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. विद्या सरकारी हॉस्पिटलात नर्स, तिच्या शिफ्ट, मी साइटवर. पोरगा दिवसभर आजोच्या अंगावर. आजो — आमच्याकडे आजोबांना तसंच म्हणतात. काही आठवड्यांत तो दारातून ओरडायला लागला, "आजो, खय जातंस? माका व्हर!" मलाही घेऊन चल.

मी ती मालवणी बोली पुण्याला कॉलेजच्या होस्टेलवर टाकली होती. पहिल्याच वर्षी. मुलं मला एकेक वाक्य पुन्हा म्हणायला लावायची आणि हसायची. मी इतकी साफ टाकली, की सुट्टीत घरी गेलो तर बाबांना "तुम्ही" म्हणालो. ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुम्ही? किती जण दिसतत तुका?" मी मात्र "तुम्ही"च म्हणत राहिलो. आणि आता माझ्या मुलाच्या तोंडून, वाळवंटातल्या एका इमारतीत, माझाच लहानपणचा आवाज येत होता. ते ऐकून आत काय व्हायचं ते मला आजही नीट मांडता येत नाही. सुख होतं. आणि भीती होती. दोन्ही एकदम.

एका शुक्रवारी आम्ही वफ्राच्या शेतांकडे गेलो. बाबांनी खजुराचं झाड आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिलं. खोडावर हात फिरवून नातवाला म्हणाले, "ह्यो माड न्हय हां. ह्यो माडाचो चुलतो. पोटापाण्याक हय इलो नि हयच रवलो." तिथे काम करणारी बंगाली पोरं काही न कळताही हसली. निखिल घरी येईपर्यंत प्रत्येक झाडाला हात करून "माडाचो चुलतो, माडाचो चुलतो" म्हणत होता. तो दिवस मला परत हवा आहे. दुसरं काही मागायची माझी लायकी नाही, पण तो दिवस — हवा आहे.

मग शाळेचा इंटरव्ह्यू आला. केजीच्या प्रवेशाला मुलाशी इंग्रजीत बोलून बघायचे. केरळच्या मॅडम होत्या, प्रेमळ. त्यांनी विचारलं, तुझं नाव काय? निखिलनं मान वर केली आणि ठणकावून म्हणाला, "कित्याक व्हया तुका?" तुला कशाला हवंय? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, लाजतोय. मागच्या खुर्चीवर एक मराठी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन बसले होते. ते खो खो हसले. पुढच्या शुक्रवारी बैठकीत मी शिरलो तर कुणीतरी म्हणालं, "काय मग, मालवणी खाजं पास झालं का?" प्रवेश मिळाला नव्हता. पुन्हा एकदा बोलावणार होते.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. काय कशानंतर घडलं, तेवढंच सांगतो.

त्यानंतर निखिलला सर्दी झाली. विद्या ड्युटीवर होती. मी एकटा त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला, औषध लिहून दिलं. बस. भाषेचा विषयसुद्धा निघाला नाही. घरी आलो. बाबा दारातच उभे — "काय बोललो डॉक्टर?"

आणि मी म्हणालो — डॉक्टर म्हणाले, या वयात दोन-दोन भाषा कानावर पडल्या की मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो. जीभ अडते. मूल तोतरं होतं. याचं तसंच व्हायला लागलंय. घरात फक्त इंग्रजी बोला.

असं एका दमात. चप्पलसुद्धा न काढता. आधी ठरवलं होतं का? दवाखान्यातून घरी येईपर्यंतच्या रस्त्यावर ठरवलं होतं. हो. ठरवलं होतं. बाबांना मी नुसतं "मालवणी बोलू नका" म्हटलं असतं, तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या आणि दुप्पट बोलले असते. पण डॉक्टरांचा शब्द ते मोडत नसत. हे मला माहीत होतं, म्हणूनच तो वापरला.

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "माझ्यामुळे झाला काय रे ह्या?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. मी म्हणालो, "तुमच्यामुळे असं नाही, पण आता जपायला हवं."

"मगे मी तेच्यावांगडा बोलू कसो?"

"बोलू नका, बाबा. नुसतं खेळा."

विद्यालाही तेच सांगितलं. तिनं विचारलं, कुठला डॉक्टर? मी म्हणालो, नवीन आलाय, इजिप्तचा. त्या काळात खरंच काही डॉक्टर तसं सांगायचे, त्यामुळे तिला शंका आली नाही. ती त्याला झोपवताना नाशिकच्या तिच्या आईची गाणी म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून थांबवली. तिचंही मी काय काढून घेतलं, हे तिला ठाऊक नाही.

आणि बाबा गप्प झाले. खाडीपलीकडे आवाज पोचवणारा माणूस. नातू मांडीवर आला की ओठ मिटून घ्यायचे. शीळ घालायचे, टाळ्या वाजवायचे, भुवया उडवायचे. निखिल त्यांचे ओठ बोटांनी उघडायचा — "आजो, सांग ना, आजो!" — आणि ते मान हलवून खिडकीकडे वळायचे. तेच ते वळणं. विद्यानं त्यांना दोन-चार इंग्रजी शब्द शिकवले. एकदा मला म्हणाले, "कुत्र्याक सांगतत तसा सांगतंय मी नातवाक. कम. सिट. गो." हसतच म्हणाले. मीही हसलो.

काही दिवसांनी पोरगा विचारायचा थांबला. दुसऱ्या इंटरव्ह्यूला त्यानं नाव नीट सांगितलं. मी पेढे वाटले.

बाबा परत निघाले तेव्हा विमानतळावर निखिलनं त्यांचा पाय धरला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मला बाजूला घेऊन कानात म्हणाले, "आता मी चललंय मां. पोर बरा होयत." अपराध केलेल्या माणसानं म्हणावं तसं.

पुढे मी मालवणला फोन करायचो. शेवटी म्हणायचो, निखिलशी बोला. ते म्हणायचे, "नको रे. फोनातसूनपण तेच्या कानात जायत." तरी मी रिसीव्हर मुलाच्या कानाला लावायचो. पलीकडून नुसता श्वास. इकडून "हॅलो? हॅलो?" कंपनीची सुट्टी दोन वर्षांनी मिळायची. ती मिळायच्या आत बाबा गेले. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की आपल्या बोलण्यानं नातवाला इजा झाली.

मी त्या शाळांशी माझी बरोबरी करत नाही. तिथे मुलांना मारलं, उपाशी ठेवलं, कितीतरी मुलं घरी परतलीच नाहीत. माझ्या एका फ्लॅटातली गोष्ट त्यांच्या शेजारी ठेवणं म्हणजे त्यांचा अपमान होईल. पण त्या म्हाताऱ्या माणसांनी इतक्या वर्षांनी कोणी काय केलं ते नाव घेऊन लिहिलं. ज्यांनी केलं, त्यांच्यातल्या कुणाचं पुस्तक मला सापडलं नाही. मी शोधलं होतं.

आता राहिलेलं सांगतो. वाटलं होतं, इथपर्यंत आलं की संपेल. संपत नाही.

निखिल दहावीत असताना मी त्याला शाळेत सोडायला निघालो होतो. शाळेत कुटुंबावर काहीतरी लिहून न्यायचं होतं. त्यानं इंग्रजीत विचारलं — तो इंग्रजीतच बोलतो — "डॅड, आजो जन्मापासूनच मुके होते का?"

सिग्नल लाल होता. मला वेळ होता. मी सांगू शकलो असतो, की अरे, त्यांच्याइतका बोलणारा माणूस मी पाहिला नाही. की एका झाडाला ते माडाचो चुलतो म्हणाले होते आणि तू दिवसभर ते घोकत होतास. पण मग पुढचा प्रश्न आला असता — माझ्याशी का नाही बोलले?

मी म्हणालो, "हो."

त्यानं ते लिहून दिलं. त्याच्या मित्रांनाही तेच माहीत आहे. तो आता शिकायला दूर आहे, आणि त्याचा आजोबा मुका होता.

विद्या हे वाचेल. गाणी का थांबली, ते तिला आज कळेल. ती जे म्हणेल ते मी ऐकून घेईन.

निखिलला मराठी वाचता येत नाही. हे मराठीत लिहायला घेतलं, तेव्हा ते मला माहीत होतं.