आतल्या बाजूचा दगड

गिऱ्हाईक हाकलून लावण्यात माझ्या गॅलपमधल्या शेजाऱ्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत नसेल. तो नाव्हाहो, म्हणजे इथला मूळचा, आणि चांदीचा कारागीर. मी हुपरीचा, चौथीतनं उठून चांदीत घुसलेला आणि आता डॉक्टर मुलाकडं येऊन पडलेला. ठोकल्याचा आवाज ऐकून कुंपणाशी गेलो, तो रोजचाच झालो. सून मला बाबा म्हणते ते ऐकून तोही मला 'बाबा' म्हणायचा, वयानं थोरला असून! लोकांना हवे असायचे निळ्या दगडांचे जुन्या घाटाचे हार. हा घडवायचा सपाट, डोंगराच्या धारेसारखी वाकडी कडी, आणि दगड बसवायचा आतल्या बाजूनं, कातडीला लागून. एक बाई म्हणाली, "हे नाव्हाहो वाटत नाही." हा म्हणाला, "मीही माझ्या आजोबासारखा दिसत नाही. निघा तुम्ही." मी म्हटलं, "अरे, आतला दगड दिसणार कुणाला?" तर म्हणे, "बाबा, तुझी किडनी दिसते का कुणाला?"

दगड घासून घासून त्याची छाती धुळीनं भरली होती. तोंडाला फडकं बांध म्हटलं की म्हणायचा, "तू बांध, जरा शांतता होईल." खोकताना रक्त पडायचं, ते पुसून पुन्हा घासायला बसायचा. त्याचा माल मुलगी विकायची, पण स्वतःच्या अंगावर कधी घातला नाही तिनं. "यानंच तुमचा श्वास खाल्ला," म्हणायची. तिनं आपलं एक कडं घालावं, एवढाच हट्ट त्याचा शेवटी उरला. कडं झालं, पण घासायचं बळ राहिलं नाही, म्हणून माझ्याकडं दिलं. मी हुपरीच्या सवयीनं घासून आरशासारखी चकाकी काढायला लागलो, तर हात धरला माझा. "पुरे. लग्नाला नाही चालली ती." मुलीनं कडं घेतलं आणि न घालताच पर्समध्ये टाकलं. तो भिंतीकडं बघत राहिला. त्याच आठवड्यात गेला.

त्यांच्यात मेलेल्याला हात लावायला घरचे कचरतात, दागिना मात्र सोबत देतात. शवपेटीपाशी मुलीनं कडं माझ्यापुढं धरलं. "तुम्ही बाहेरचे. तुम्ही घाला त्यांच्या हातात."

मी नजरेनंच मनगट मापलं. हातोडीनं रुंद झालेलं. "जायचं नाही. तुझ्या मापाचं आहे."

"वाकवा मग."

"वाकवलं तर आतला दगड फुटेल."

तिनं कडं उलटून आतल्या दगडावरनं बोट फिरवलं. मग तिनं आपलाच हात पुढं केला. मी कडं चढवलं. चांदी लवकर ऊब धरते, दगडाला वेळ लागतो. तेवढा वेळ मी तिचा हात सोडला नाही.