जावयाच्या कॉम्प्युटरचं प्रूफ

टिंबताईंनी एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. टिंबताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांनी ते ठेवलं होतं. एखाद्या अक्षरावरचं टिंब गळालं की बाई अख्खं पान परत धाडायच्या, म्हणून आधी रागाने आणि मग सवयीने सगळे त्यांना तसंच म्हणू लागले. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी मानपत्र दिलं, त्यात दोन चुका होत्या. टिंबताईंनी तिथे चकार शब्द काढला नाही. घरी येऊन लाल शाईने दोन्ही दुरुस्त केल्या आणि मग मानपत्र भिंतीवर लावलं.

नोकरीची पहिली सहा वर्षं मात्र त्यांच्याकडे तपासायचं काम नव्हतं, नुसतं वाचायचं होतं. लेखकाची मूळ प्रत हातात धरून त्या मोठ्याने वाचायच्या, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळ्यासकट. समोर बसलेले म्हातारे मुद्रितशोधक प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की वाचताना अर्थात शिरायचं नाही. माणूस अर्थात शिरला की डोळा चूक परस्पर सुधारून घेतो आणि ती कागदावर तशीच राहते.

मुलगी नर्स झाली आणि तिने स्वतःच लग्न ठरवलं. मुलगा कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारा होता. नवव्या वर्षी तापात त्याची दृष्टी गेली होती. टिंबताई त्या वेळी हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. मुलीने त्या गप्प बसण्याचा काय तो अर्थ लावला आणि लग्न केलं. त्याला चार वर्षं झाली. सासू आणि जावई एकमेकांशी फार अदबीने वागायचे. जावई त्यांना आई म्हणायचा, त्या त्याला अहो-जाहो करायच्या, आणि तब्येत आणि चहा यांच्यापलीकडे बोलणं काही सरकायचं नाही.

त्या वर्षी टिंबताईंच्या घराला रंग लावायचा होता, म्हणून त्या दहा दिवस मुलीकडे राहायला आल्या. गुरुवारी मुलगी पहाटेच ड्यूटीवर गेली, ती संध्याकाळी सातला येणार होती. जावई नेहमीप्रमाणे आठ वाजता आतल्या खोलीत कामाला बसला. त्याचा कॉम्प्युटर पडद्यावरचा मजकूर त्याला वाचून दाखवायचा, आणि तो कानाला हेडफोन लावून दिवसभर ऐकत आणि टाइप करत असायचा. साडेनऊला तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“आई, तुमचे डोळे जरा लागतील,” तो म्हणाला.

टिंबताईंनी गॅस बंद केला. चालता चालता त्याने काय झालं ते सांगितलं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रोग्रॅम लिहायचा, त्याची आपोआप नवी आवृत्ती आली होती आणि सकाळपासून ते मुकं झालं होतं. ईमेल बोलत होता, बाकी सगळं बोलत होतं, नेमकं तेवढंच गप्प. त्याने बंद-चालू करून पाहिलं होतं, माहीत होते ते सगळे उपाय करून झाले होते. आता ते मुळासकट काढून नव्याने बसवणं एवढाच मार्ग उरला होता. पण काढायच्या खिडकीतही त्याला फक्त ‘बटण, बटण’ असं ऐकू येत होतं. कोणतं बटण कशाचं, ते ऐकवण्याची सोय ती बनवणाऱ्याने केलीच नव्हती. आणि बसस्थानकांवरच्या वेळापत्रकाच्या फलकांचं एक काम दुपारी चारपर्यंत द्यायचं होतं.

ऑफिसातल्या कुणाला का विचारत नाही, असं टिंबताईंनी विचारलं.

“चारच महिने झालेत नोकरीला. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला वेगळं काही लागेल का? मी म्हटलं, काही नको.”

एकोणिसाव्या वर्षी छापखान्यात लागल्यावर टिंबताईंनी स्वतः सहा महिने चष्मा लपवला होता. डोळ्यांचं काम आणि डोळेच अधू, म्हणून काढून टाकतील, ही भीती त्यांना चांगली आठवत होती.

त्या चष्मा लावून खुर्ची ओढून बसल्या आणि वरून सुरुवात केली. खिडकीचं नाव, आवृत्तीचा आकडा, टिंब, पुन्हा आकडा, मग कंपनीचं नाव आणि तिचा पत्ता. जावई चुळबुळ करू लागला.

“एवढं नको, आई. मोठी अक्षरं आणि बटणं तेवढी सांगा.”

टिंबताई थांबल्या. दोन बटणं होती, ‘काढून टाका’ आणि ‘रद्द करा’. बटणांच्या खाली बारीक करड्या अक्षरांत आणखी एक ओळ होती, ती त्यांना दिसली. पण जावयाचं काम, जावयाची घाई. नको म्हणतात तर नको, असं मनाशी म्हणून त्यांनी ती गिळली. त्याने बटण दाबलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नवीन सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, बसवलं. त्यात तास गेला. शेवटी त्याने ते उघडलं, आणि ते आधीसारखंच मुकं.

जावयाने हेडफोन काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढून टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला. टिंबताईंना राहवेना.

“खाली एक ओळ होती,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नको म्हणालात म्हणून वाचली नाही.”

“काय होती?”

“‘माझ्या सेटिंग्ज राहू द्या.’ पुढे चौकोन होता. त्यात आधीपासूनच खूण केलेली होती.”

म्हणजे सॉफ्टवेअर गेलं होतं, पण त्याचं बिऱ्हाड आत तसंच होतं, आणि नवीन आलेलं त्याच बिऱ्हाडात जाऊन बसलं होतं. जावई कपाळावर हात ठेवून हसला. चूक माझी, असं त्याने दोनदा म्हटलं. टिंबताईंनी ते नाकारलं नाही.

“आता मी माझ्या पद्धतीने वाचते,” त्या म्हणाल्या. “कंटाळा आला तरी ऐकायचं.”

या खेपेला त्यांनी कंपनीच्या पत्त्यासकट सगळं वाचलं आणि त्याने ऐकून घेतलं. चौकोनातली खूण काढून सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा काढलं. मग तो मागे राहिलेला गाळ शोधायला लागला. त्यासाठी त्याला डोळ्यांची गरज नव्हती, पण त्यांना कळावं म्हणून त्याने हेडफोन काढून आवाज मोकळा केला. तो आवाज म्हणजे खिळ्यांची पेटी जिन्यावरून गडगडत जावी तसा होता. टिंबताईंना त्यातलं अक्षर कळेना, आणि जावई त्याच वेगाने ऐकून एकेक फोल्डर उघडत होता, बंद करत होता, पुसत होता. एक प्रोग्रॅमच्या जागी सापडलं, एक तात्पुरत्या फायलींत, एक लपवलेलं. कोणतं सॉफ्टवेअर कुठे आहे याची कॉम्प्युटर जी यादी ठेवतो, तिच्यात त्याच्या जुन्या जागेचा पत्ताही तसाच पडून होता, तोही त्याने खोडला. पुसण्याआधी सेटिंग्जच्या फाईलची एक प्रत मात्र बाजूला काढून ठेवली. सात वर्षांत आपल्या हाताला आणि कानाला सोयीचं म्हणून त्याने जे जे बसवून घेतलं होतं, ते सगळं तिच्यात होतं.

चार वर्षांत टिंबताईंनी त्याला काम करताना कधी जवळून पाहिलं नव्हतं. दार लोटलेलं असायचं. काम संपलं की तो बाहेर यायचा.

साडेबाराला पुन्हा बसवलेलं सॉफ्टवेअर उघडलं आणि ते बोललं. दोघं उठून जेवले. जेवताना जावई मोकळेपणाने बोलत होता. परत येऊन त्याने जुनी सेटिंग्जची फाईल तिच्या जागी ठेवली, सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं, आणि आवाज गेला.

दुखणं त्या फाईलमध्येच होतं, हे आता उघड झालं. ती टाकून द्यावी तर बसवून घेतलेल्या सगळ्या सोयी जाणार, आणि कोऱ्या सॉफ्टवेअरवर अडीच तासांत काम उरकणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. फाईल दोनशे चौदा ओळींची होती. त्याने ती तीनदा ऐकली. ऐकायला कुठे काही खोट सापडेना.

टिंबताईंनी टेबलावरचं एक पाकीट घेतलं, पडद्यावर पहिल्या ओळीखाली धरलं आणि वाचायला लागल्या. सपाट आवाज, चढ नाही, उतार नाही. अवतरण सुरू, शब्द, अवतरण बंद, दोन टिंबं, आकडा, स्वल्पविराम. ओळ संपली की पाकीट एक घर खाली. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यामुळेच काम बरं चाललं होतं. तिसाव्या ओळीला त्या थांबल्या आणि इथे एका शब्दातली अक्षरं उलटसुलट झालीत म्हणाल्या. जावई म्हणाला, ते नाव मीच चुकीचं टाइप केलं होतं, पण आता सगळीकडे तेच आहे, ते चुकीचंच हवंय. टिंबताईंना हे पटलं नाही. चुकीचं हवंय, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. पण पाकीट त्यांनी पुढे सरकवलं. आणखी दोनदा त्या अडल्या, दोन्ही वेळा काही निघालं नाही. घड्याळात दोन वाजून गेले होते.

एकशे सेहेचाळिसाव्या ओळीला त्यांचं बोट थबकलं.

“हे अवतरण वेगळं आहे.”

“वेगळं म्हणजे?”

“बाकी सगळी उभी आहेत, काड्यांसारखी. ही दोन वळलेली आहेत. पुस्तकात छापतात तशी.”

जावयाने त्या ओळीवर जाऊन कॉम्प्युटरकडून वाचून घेतली. कॉम्प्युटरने उभ्यालाही अवतरण म्हटलं आणि वळलेल्यालाही अवतरणच म्हटलं. कानाला दोन्ही एकच. मग त्याला आठवलं. आठवड्यापूर्वी ऑफिसातल्या एकाने आवाज नीट यावा म्हणून एक ओळ ईमेलने पाठवली होती, ती त्याने जशीच्या तशी उचलून इथे चिकटवली होती. ईमेलने शोभेसाठी अवतरणं परस्पर वळवली असणार. जुन्या आवृत्तीने ते चालवून घेतलं. नवीन आवृत्ती कडक निघाली, तिने फाईलच वाचायचं नाकारलं, आणि आवाज चालू ठेवण्याचा हुकूम त्याच फाईलमध्ये होता; फाईलच नसली तरच सॉफ्टवेअर आपणहून बोलायचं.

त्याने दोन्ही चिन्हं पुसून पुन्हा टाइप केली. सॉफ्टवेअर उघडून तो नुसता ऐकत राहिला. मग टिंबताईंकडे वळून म्हणाला, “बोलतंय.”

त्यांनी उरलेल्या ओळीही वाचून काढल्या. अर्धवट पान त्यांनी कधी टेबलावर टाकलं नव्हतं. नंतर बाहेर येऊन दोन पेले पाणी प्यायल्या, कारण घसा पार कोरडा पडला होता. चारला दहा कमी असताना आतून काम पाठवल्याची हाक आली.

संध्याकाळी मुलगी आली. जावयाने तिला सगळी हकीकत सांगितली, स्वतःच्या घाईसकट. ती हसली आणि आईच्या मागे स्वयंपाकघरात आली. टिंबताई भांडी पुसत होत्या.

“तुझ्या लग्नाच्या वेळी मी गप्प बसले,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं होतं, सगळा भार तुझ्यावर पडेल. ते बोलूनही दाखवता आलं नाही.”

“मला कळलं होतं ते.”

“माणूस कामाला बसल्यावर कसा असतो, ते मी आज पाहिलं. आधीच बघायला हवं होतं.”

मुलीने फडकं घेतलं आणि उरलेली भांडी पुसली.

दुसऱ्या दिवशी जावयाने साहेबांना फोन करून सांगितलं की काही काही सॉफ्टवेअर काढताना आणि बसवताना खिडक्या बोलत नाहीत, अशा वेळी अर्धा तास कुणाचे तरी डोळे लागतील. साहेबांनी एवढंच विचारलं की हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही. ऑफिसातर्फे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे तक्रार गेली. पुढच्या आवृत्तीत दोन्ही बटणांची नावं ऐकू येऊ लागली. खालची करडी ओळ अजून मुकीच आहे.

रविवारी टिंबताई आपल्या घरी परतल्या. खिडक्या उघड्या टाकूनही रंगाचा वास जात नव्हता. रात्रीच्या जेवणाआधी जावयाचा फोन आला, वासाने डोकं दुखतंय का ते विचारायला. अशी चौकशी एरवी मुलीकडून यायची. टिंबताईंनी नाही म्हणून सांगितलं, आणि मग छापखान्यातले ते म्हातारे शोधक ऐकता ऐकता डुलकी घ्यायचे आणि तरी चूक आली की नेमके कसे जागे व्हायचे, ते सांगायला सुरुवात केली. वरण थंड झालं, पण फोन त्यांनी काही ठेवला नाही.