पुसता येईल असा रंग

रंग कुठला घेऊ, हा प्रश्न प्रत्येक नवशिका मला पहिल्याच दिवशी विचारतो आणि मी पहिल्याच दिवशी चिडते. अरे बाबा, आधी सांग, तुला पुसायचंय की नुसतं मारायचंय? बुलेटच्या टाकीवर वाघ काढायचा असेल तर थिनरमधला गाडीचा रंग घे, उन्हापावसात जागचा हलणार नाही. पण एअरब्रशने, म्हणजे हवेच्या पिचकारीने रंग फवारून, चेहरा काढायचा तर निम्मं काम पुसण्याचं. केस, पापण्या, डोळ्यातली चमक, सगळं आधी गडद मारायचं आणि मग रबराने, ब्लेडच्या टोकाने खरवडून उजळ काढायचं. त्याला पाण्यातला, पातळ, खालचं दिसेल असा रंग लागतो. शाळेच्या दुकानातला ॲक्रिलिक आणलात तर वाळून त्याची साल होते, रबर फिरवलं की पापुद्रा सुटतो आणि मग बसता माझ्या तोंडाकडे बघत. राहुरीतल्या माझ्या वरच्या खोलीत हे भाषण इतक्यांदा झालंय की खालच्या गिरणीवाल्यालाही ते पाठ असेल.

कोल्हारच्या काकूंनी मात्र रंगाचं काही विचारलंच नाही. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, पिशवीत लग्नाचा अल्बम. जिना चढून आल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "ताई, मला पुसायला शिकवा."

मला वाटलं, ही कुठली थट्टा! "आणि काढायला नको?"

"काढा तुमी. पुसनार मी."

अल्बममधली नवरी त्यांची एकुलती एक लेक. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं, पोलिसांच्या कागदावर तसंच आलं आणि भावकीनेही माना डोलावल्या. "दारात नळ हाय त्यांच्या," काकू म्हणाल्या. "हिरीवर कशाला जाईल ती?" आवाज अजिबात चढला नाही, म्हणून मलाच जास्त लागलं.

लग्नाआधीचे फोटो मुलीच्या मोबाईलमध्ये होते. मोबाईल सासरी राहिला आणि परत आलाच नाही. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला मोठा, स्पष्ट चेहरा हवा होता आणि तो होता फक्त लग्नातला: मुंडावळ्या, मंगळसूत्र, कपाळभर कुंकू.

"मग मी हे सगळं सोडूनच काढते की," मी म्हटलं. "पुसायची भानगडच नको."

"न्हाई. हाय तसं काढा. त्यांनी घातल्यालं मला माज्या हातानं उतरवायचंय."

एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी अल्बममधून फोटो काढून घेतला.

मग महिनाभर काकू एसटीने येत राहिल्या. बाकीचे रंग मी ठरवले, पण लाल त्यांच्यावर सोडला. लाल महाचालू. काळा, तपकिरी रबराचं ऐकतात, लाल मात्र चित्राच्या पुठ्ठ्यात, बोर्डात मुरतो आणि मागे गुलाबी डाग ठेवून जातो. म्हणून मी रद्दी बोर्डाच्या तुकड्यावर माझ्याकडचे सगळे लाल ओळीने मारले आणि त्यांना रबर दिलं. घासताना त्या असा जोर लावायच्या की मी म्हटलं, "काकू, पाटा धुताय का?" तेव्हा त्या हसल्या, माझ्यासमोर एकदाच. शेवटी एका विटकरी लालाखाली बोर्ड स्वच्छ पांढरा निघाला. "ह्यो जातोय," त्या म्हणाल्या. नवशिक्याने रंग असाच निवडावा. बाटलीवरचं वाचून काय कळतंय, डोंबल!

चेहरा मी मन लावून काढला, सगळ्या दागिन्यांसकट. मग काकूंनी पदर खोचला. मुंडावळ्यांचा एकेक मोती रबराच्या टोकाने उचलला, मंगळसूत्राची वाटी ब्लेडने अलगद खरवडली. कुंकू सगळ्यात शेवटी. पुसलेल्या जागी मी कातडीचा फिका रंग फवारत गेले आणि बघता बघता नवरी जाऊन बोर्डावर कॉलेजातली पोर राहिली. काकू तिच्याकडे कितीतरी वेळ बघत होत्या. "आता आली घरी," म्हणाल्या. मला रडू आवरलं नाही, कशाला खोटं बोलू.

काच बसवायची राहिली होती. पण काका अंथरुणाला खिळलेले, त्यांना दाखवायला म्हणून काकू चित्र तसंच घेऊन गेल्या. "कुणाचा हात लागू देऊ नका," मी दहादा बजावलं.

दोन दिवसांनी परत आल्या. जिना चढतानाच्या पावलांवरून कळलं, काहीतरी बिनसलंय. कपाळाच्या मधोमध लाल बोट उमटलेलं. काकूंच्या जावेने देव्हाऱ्यातलं कुंकू पाण्यात कालवून लावलं होतं. सवाष्ण गेलेली पोर, तिचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं? लावताना ती बिचारी रडत होती म्हणे. फोटोला काच असते, कुंकू काचेला लागतं, ओल्या फडक्याने निघतं. उघड्या बोर्डाचं तिला कुठून ठाऊक असणार?

काकू घासत बसल्या. वरवरचं निघालं, डाग निघाला नाही. मी फिका रंग फवारून पाहिला, पण पुसता येणारा रंग पातळ, त्याच्यातून लाल तसंच दिसत राहिलं.

"दाट पांढरा आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "तो मारते, वरून कातडीचा. कुणाला कळणारही नाही."

"झाकायचं न्हाई, ताई. झाकलंय लई जनांनी. मला पुसायचंय."

त्यांनी ब्लेड उचललं. मी हात धरला नाही. डागाबरोबर बोर्डाचा गुळगुळीत थर सुटला, खालचा भुरा पुठ्ठा वर आला, तरी त्या लाल संपेपर्यंत खरवडत राहिल्या. बाकी चेहरा इतका जिवंत, आणि दोन भुवयांच्या मधे तो खड्डा.

"काकू, श्राद्धाला शंभर माणूस येईल," मी म्हटलं. "जो तो विचारेल, फोटोला काय झालं म्हणून."

त्यांनी फुंकर मारून भुसा उडवला.

"इचारू द्या की," म्हणाल्या. "पोरीला काय झालं, ते अजून एकानंबी इचारलं न्हाई."